गिधाडाला सफाई कामगार म्हणता, मग माणसाला काय म्हणता?

(हिंगणघाटला वस्तीतल्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, कुठं कुठं नीट केलंय.)



मला विषय दिलाय तो असा : तेरा ते सतरा वयाच्या पोरांनी प्राणी, निसर्ग आणि सामाजिक लढे ह्यांवरची कोणती पुस्तकं वाचावीत. कथा-कादंबऱ्या नकोत, खऱ्या माहितीची पुस्तकं. विषय ऐकून गोदीतले माझे सोबती हसले. म्हणाले, दिवसा बोजा उचलतो, रात्री कविता लिहितो, आता मास्तरकी पण करणार काय? मी म्हटलं, मास्तरकी नाय. मॅट्रिक झालेला माणूस कसली मास्तरकी करणार? पण जे वाचलं ते सांगतो. आणि जे वाचायला पायजे होतं पण कोणी लिहिलंच नाही, तेही सांगतो. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब आहे.

कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात जा. कुमारांच्या विभागात तीन फळ्या दिसतील. पहिलीवर प्राणी : वाघ, हत्ती, पाखरं, गुळगुळीत कागद. दुसरीवर निसर्ग : झाडं, पाणी, प्रदूषण, आणि शेवटच्या पानावर 'आपण काय करू शकतो?' तिथं लिहिलेलं असतं, दात घासताना नळ बंद ठेवा. ज्याच्या घरात नळच नाही त्या पोट्ट्यानं काय बंद करायचं? तिसऱ्या फळीवर थोर माणसं : फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा. बत्तीस पानं, चार चित्रं, संपलं.

ह्या तीन फळ्या एकमेकींशी बोलत नाहीत. प्राण्याच्या पुस्तकात माणूस नाही. निसर्गाच्या पुस्तकात जात नाही. थोर माणसाच्या पुस्तकात बैल नाही, विहीर नाही, चिखल नाही. आणि आपलं आयुष्य तर ह्या तिन्हींच्या मधोमध पडलेलं आहे. म्हणून तुमच्यातला एखादा पोरगा पुस्तक उघडतो, दोन पानं वाचतो आणि मिटतो. घरचे म्हणतात पोराला वाचनाची गोडी नाही. गोडी आहे. पुस्तकात तो कुठंच नाही, एवढंच.

आता एकच उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत सोलतो.

गिधाड.

मुलांच्या पुस्तकांत गिधाडाचा धडा असतो. त्यात एक वाक्य ठरलेलं : गिधाड हा निसर्गाचा सफाई कामगार आहे. मग त्याचं कौतुक. मेलेलं ढोर थव्यानं बसून तासाभरात साफ करतं. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले रोगजंतू तिथंच मरतात. डोक्यावर-मानेवर पिसं कमी, कारण मुंडकं आत घालावं लागतं, घाण चिकटू नये. सगळं खरं आहे. शास्त्र आहे. पोरांनी वाचलंच पायजे.

पण ह्याच वर्धा जिल्ह्यात मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून नेणारा, त्याचं कातडं काढणारा दुसरा एक सफाई कामगार होता. त्याला दोन पाय होते, पंख नव्हते. तो माझा आजा होता. तुमच्यातल्या कितीकांचा आजा किंवा पणजा होता. माझी आजी सांगे : "ढोर मेलं का गावातून बलावनं ये. तुहा आजा जाये. वरतून गिधाडं पाहेत, खालतून आमी. दोघायचं पोट एकाच ढोरावर. पन गिधाडाले कोनी बाटलं म्हने नाही."

ह्या एका वाक्यात आजीनं जे सांगितलं ते मला एकाही प्राण्याच्या पुस्तकात सापडलं नाही. तेच काम. त्याच जागेवर. पाखरानं केलं तर निसर्गाचा समतोल, माणसानं केलं तर विटाळ. पाखराला धडा, माणसाला गावकुस.

आणि हे काम अडाण्याचं नव्हतं. बैलाच्या तोंडात बघून दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असं वय सांगणं. सुरी कुठं लावायची म्हणजे कातड्याला भोक पडत नाही, हे ओळखणं. चुन्याच्या खड्ड्यात केस सुटू देणं, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडं मुरवणं. त्या सालीत टॅनिन असतं, त्यानं कातडं सडत नाही, हे रसायनशास्त्र झालं. ढोर आणि चांभार समाजाच्या घरात हे रसायनशास्त्र पिढ्यान् पिढ्या होतं. पण त्याला कोणी शास्त्र म्हटलं नाही. वही काढून लिहून घेतलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, वर्ध्यात तर गांधींचा आश्रम होता, तिथं कोणी लिहिलं नाही काय? लिहिलं. वर्ध्याजवळच्या नालवाडीला 1930 च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर ह्या कार्यकर्त्यानं चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावराचं कातडं, हाडं, मांस, काहीही वाया जाऊ नये म्हणून काम केलं. मी त्या माणसाच्या कष्टाला हसणार नाही. हातात सुरी धरणाऱ्याला मी हसत नसतो. पण एक फरक पोरांना सांगितला पायजे. जन्मानं ज्याच्यावर ते काम लादलेलं नव्हतं त्यानं ढोर सोललं, ती सेवा झाली, ती पुस्तकात गेली. ज्याच्यावर लादलं होतं त्यानं सोललं, ती त्याची जात झाली. एकाला ते काम सोडून देता येत होतं. दुसऱ्यानं सोडलं तर गाव त्याच्यावर बहिष्कार टाकत होतं.

बाबासाहेबांनी सोडा म्हणून सांगितलं. 1927 साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस खाणं बंद करा असा ठराव झाला. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं, हा ठराव फार जणांना आठवत नाही. मग सवर्णांना आमची फार काळजी वाटायला लागली! 'केसरी'तून हिशेब मांडला गेला की कातडं, शिंगं, खुरं, हाडं ह्यांतून महारांना वर्षाला पाचशे रुपयांचा फायदा होतो आणि आंबेडकर तो बुडवतोय. बाबासाहेबांनी ह्याची हकीकत 15 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या भाषणात सांगितली. त्यांचं उत्तर असं होतं की एवढा फायदा आहे ना, मग तुम्ही करा, वर माझे पाचशे रुपये घ्या. कोणी आलं नाही. आजपर्यंत कोणी आलेलं नाही.

हा हिशेब गणिताच्या पुस्तकात घाला म्हणतो मी. ढोरं किती, कातड्याचा भाव किती, आणि अपमानाची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

गिधाडाची गोष्ट इथं संपत नाही. मी सत्तावीस वर्षांचा आहे. माझ्या गावावर मी गिधाड पाहिलेलं नाही. तुम्हीही पाहिलं नसेल. 1992 ते 2007 ह्या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजाराला एक अशी उरली. शास्त्रज्ञ आधी गोंधळले. रोग म्हणाले. मग पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडून पाहिली तेव्हा कळलं की त्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत. कारण डायक्लोफिनॅक. ढोराचं दुखणं कमी करायला टोचतात ते औषध. ढोर मेलं, औषध मांसात राहिलं, गिधाडानं खाल्लं, गिधाड मेलं. हे संशोधन 2004 मध्ये छापून आलं. 2006 मध्ये भारत सरकारनं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली.

गिधाडं गेली तेव्हा मढी कुजायला लागली. कुत्री वाढली. 2024 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला हिशेब छापून आला : 2000 ते 2005 ह्या पाच वर्षांत गिधाडं नाहीशी झाल्यामुळं भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. घाण पाणी, रोगराई, पिसाळलेली कुत्री. आकडा ऐकून मी गप्प झालो. एक पाखरू काम सोडून गेलं तर देशाला एवढी किंमत पडते. आणि जी माणसं हेच काम करतात, गटारात उतरतात, मढी उचलतात, ती एक दिवस सगळी उठून गेली तर काय होईल, हा हिशेब कोणी मांडला? हातानं मैला उचलण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली दुसरा झाला, तरी गटारात गुदमरून माणसं मरतातच. गिधाडासाठी प्रजनन केंद्रं उघडली, चांगलं केलं, गिधाड जगलंच पायजे. पण गटारात मेलेल्याच्या पोराला वह्या कोण देतं?

आणि 11 जुलै 2016. गुजरातमध्ये ऊना तालुक्यातलं मोटा समढियाळा गाव. मेलेल्या गाईचं कातडं काढत होते म्हणून दलित पोरांना गाडीला बांधून मारलं. गाय मेलेलीच होती. काम पिढीजात लादलेलं होतं. ते केलं म्हणून मारलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी काय केलं? मेलेली ढोरं आणून कलेक्टर कचेरीसमोर टाकली आणि सांगितलं, आता तुम्हीच उचला. पोरांनो, हा सामाजिक लढा आहे, आणि तो जीवशास्त्राचाही धडा आहे. तिथं उन्हात पडलेलं मढं जे शिकवत होतं ते कुठल्या तक्त्यावर नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. गिधाडावर पुस्तक लिहायचं तर आम्ल, डायक्लोफिनॅक, माझा आजा, महाडचा ठराव आणि ऊना हे सगळं एका पुस्तकात आलं पायजे. तेव्हा ते गिधाडाचं खरं पुस्तक. बाकीचं अर्धं.

आता दोन पोरांची तुलना करून दाखवतो. दोघंही ह्याच मुलखातले, दोघंही साधारण दहा वर्षांचे, काळ तोच, विसाव्या शतकाची पहिली दहा वर्षं.

एक सालिम अली. मुंबईतलं खातंपितं घर. छऱ्याच्या बंदुकीनं त्यानं चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामानं चिठ्ठी दिली, पोरगा ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड साहेबानं त्याला हाकललं नाही. पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. त्या कप्प्यांतून पुढं भारताचा सर्वांत मोठा पक्षीशास्त्रज्ञ निघाला.

दुसरा भीमराव. 1901 साल. साताऱ्याहून भावंडांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनला उतरले. जात कळली तसा एकही गाडीवान नेईना. शेवटी एक दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण बैल पोरांनीच हाकायचे, तो बाजूनं चालणार. रात्रीचा प्रवास, आणि प्यायला पाणी नाही. गाडीवानानं दाखवलं ते डबकं, ज्यात गाई-म्हशींचं शेणमूत. नाकेदाराकडं पाणी मागितलं तर तो म्हणाला तिकडं डोंगरावर आहे. हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या छोट्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय.

एका पोरासाठी कप्पे उघडले. दुसऱ्यासाठी माठाचं झाकण उघडलं नाही. पाणी काय आहे, बैल काय आहे, डबकं काय आहे हे त्या दुसऱ्या पोराला कोणी शिकवायची गरज उरली नाही. मी सालिम अलींना कमी लेखत नाही. त्यांचं 1941 चं पक्ष्यांचं पुस्तक तुम्ही मिळवून बघाच. पण त्यांच्या शेजारी हे दुसरं पुस्तक ठेवा. दोन्ही निसर्गाचीच पुस्तकं आहेत. कुठलाही प्रदर्शनवाला ती एका फळीवर ठेवणार नाही. तुम्ही ठेवा.

मी गोदीत आहे म्हणून उंदरावर बोलतो. उंदीर माझा शेजारी आहे. धान्याच्या पोत्याला दात कुठं लागलेत हे मी हात फिरवून सांगतो. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला तो गोदीला लागून असलेल्या मांडवीत, धान्याच्या वखारींत. तो ओळखला व्हिएगस नावाच्या गोव्याच्या डॉक्टरनं. जंतू यर्सिननं 1894 मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो उंदरातून माणसात येतो कसा हे 1898 मध्ये सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं : पिसवा. उंदीर मेला, गार पडला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा उडी मारून माणसाला चावतात. तोवर साहेब लोक काय करत होते? उंदीर सोडून माणसांच्या मागं लागले होते. घरं उघडत होते, सामान जाळत होते, गरिबांना उठवत होते.

शाळेच्या पुस्तकात प्लेग म्हटलं की रँड आणि चापेकर. बस. अरे, त्याच 1897 च्या 10 मार्चला त्याच प्लेगानं पुण्यात सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यात आल्या होत्या. म्हणजे बघा : जहाज, धान्य, उंदीर, पिसू, जंतू, महारवाडा, सावित्रीबाई. ही एकच साखळी आहे. ह्यातली जीवशास्त्राची कडी एका पुस्तकात, इतिहासाची दुसऱ्यात, आणि सावित्रीबाईंची फक्त 3 जानेवारीच्या भाषणात. साखळी तोडून दिली की पोराच्या हातात नुसत्या कड्या उरतात. आणि आजही मुंबई महापालिका रात्री उंदीर मारायला माणसं ठेवते. रात्रीला 30 उंदीर मारायचे, मोजून द्यायचे. त्या माणसावर मुलांचं पुस्तक आहे काय? मी शोधलं. मला मिळालं नाही.

सगळंच वाईट आहे असं म्हणायला मी आलो नाही. दोन पुस्तकं सांगतो, जी बरोबर रस्त्यावर आहेत.

पहिलं, प्रकाश आमटेंचं 'रानमित्र'. त्यांचे वडील बाबा आमटे ह्याच हिंगणघाटात 1914 साली जन्मले. 1973 पासून भामरागडच्या जंगलात हेमलकशाचं काम सुरू झालं. तिथं वाघ, बिबटे, अस्वलं पाळली म्हणून फोटो सगळीकडं. पण त्या अनाथालयाची सुरुवात कुठून झाली? माडिया शिकारी मेलेलं माकड घेऊन चालले होते, आणि त्या मेलेल्या आईला जितं पिल्लू बिलगलेलं होतं. ते पिल्लू तांदूळ देऊन घेतलं. तांदूळ! म्हणजे माडिया माणूस क्रूर होता म्हणून नाही, भुकेला होता म्हणून मारत होता. भूक समजली तर जंगल समजतं. पोरांनी हे पुस्तक वाचताना बिबट्याचं चित्र बघून पुढं जाऊ नये, त्या तांदळाजवळ थांबावं.

दुसरं, 'भीमायन'. 2011 साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं काढलेलं चित्रमय पुस्तक. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दोघं मध्य प्रदेशातले परधान गोंड. आपल्याकडं यवतमाळ-चंद्रपूरला परधान आहेत, तीच माणसं, गोंडांची गाणी म्हणणारी. पुस्तकात बाबासाहेबांचं आयुष्य तीन भागांत आहे : पाणी, निवारा, प्रवास. आणि पानापानावर जनावरं! ज्याच्या तोंडून जातीचं विष निघतं त्याच्या शब्दांचा फुगा विंचवाच्या नांगीचा. जो सोसतो, जो मायेनं बोलतो, त्याच्या शब्दांचा फुगा पाखराचा. ह्या चित्रकारांनी चौकटी आखायला नकार दिला. माणसं चौकटीत कोंडली की गुदमरतात असं त्यांचं म्हणणं. ज्याला गावकुसाच्या चौकटीबाहेर ठेवलं त्याचं आयुष्य चौकटीत कसं काढणार? जंगलातल्या माणसानं वस्तीतल्या माणसाचं दुःख पाखरांच्या आणि विंचवांच्या भाषेत सांगितलं. तीन फळ्या एका पुस्तकात आल्या. हे होऊ शकतं म्हणूनच मी ओरडतोय.

आणखी एक माणूस विसरायचा नाही. मारुती चितमपल्ली. वनखात्यात आयुष्य काढलं, विदर्भाचं जंगल मराठीत आणलं, जून 2025 मध्ये गेले. पाखरांची, झाडांची नावं ते आदिवासींकडून, पारध्यांकडून शिकले आणि तसं सांगतही. त्यांची पुस्तकं वाचताना तुम्ही एक काम करा. जिथं एखादा गोंड, एखादा पारधी काही सांगतो तिथं पेन्सिलीनं रेघ ओढा. मग विचारा, ह्याला इतकं माहीत होतं तर ह्याचं पुस्तक कुठं आहे?

आता ह्या प्रश्नावर येतो. वर्ध्यातच 1937 च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली. नई तालीम तिथून निघाली. म्हणे पोरानं हातानं काम करत शिकावं. ऐकायला फार चांगलं. पण आमची पोरं हजार वर्षं हातानंच शिकत होती, मित्रांनो! ढोरं राखत, मोळ्या आणत, कापूस वेचत. त्यांना कोणी गुण दिले नाहीत. आम्हाला तेव्हा हात होतेच, पुस्तक पायजे होतं. मी ज्या शाळेत शिकलो तिचं नाव घेत नाही. तिथं पुस्तकांचं कपाट होतं, काचेचं. कुलूप होतं. किल्ली हरवली असं सात वर्षं सांगितलं. काचेतून एका पुस्तकावरचा सांबर दिसायचा. सांबराच्या पोटात काय लिहिलं होतं ते मला कळलं नाही. आता ती किल्ली शोधत बसण्यात अर्थ नाही. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. मोबाईल आहे तुमच्या हातात. तिथून सुरू करा.

पण वाचण्यावर थांबू नका. लिहा.

तुम्ही म्हणाल आम्ही लहान. मुक्ता साळवे किती मोठी होती? फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोरगी, जेमतेम चौदा वर्षांची. 1855 साली तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आम्हाला गाई-म्हशींपेक्षा खाली लेखलं, हे तिनं लिहिलं. जनावर आणि माणूस एका वाक्यात तोलले. कथा नाही, कादंबरी नाही, खरी माहिती आणि खरा राग. मराठीतलं कुमारवयातलं माहितीचं लेखन कुठून धरायचं असं मला कोणी विचारलं तर मी तिथून धरतो.

तर कामाचं सांगतो. पाच गटात वाटून घ्या.

पहिला गट : वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडं जा. बुढ्याले विचारा, ढोराचं वय दातावरून कसं ओळखत. आर्वी-कारंजाकडच्या गवळाऊ गाई-बैलांची खूण काय. कातडं कसं काढत, कोणत्या सालीत मुरवत. लाजतील. आधी तुम्ही लाजू नका. ते काम आम्ही सोडलं ते बरोबरच केलं, परत धरायचं नाही. पण त्यातलं ज्ञान लाज म्हणून पुरायचं पण नाही.

दुसरा गट : गिधाड शेवटचं कधी, कुठल्या झाडावर पाहिलं ते पन्नास म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि साल लिहा. गुरांच्या दवाखान्यात जाऊन विचारा, दुखण्यावर कोणतं औषध देता. मेलोक्सिकॅम गिधाडाला चालतं, डायक्लोफिनॅक चालत नाही. विचारणाऱ्या पोराला साहेब टाळू शकतो, पाच पोरांना टाळणं जड जातं.

तिसरा गट : वस्तीचा पाण्याचा नकाशा. आधी कोणत्या विहिरीवर कोण भरे, कोण नाही. आता नळ कुठं संपतो. वणा नदीत कोणाचं सांडपाणी कुठं मिळतं. चालत जाऊन काढा, अंदाजानं नको.

चौथा गट : माहितीचा अधिकार, 2005 चा कायदा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. मोठ्या भावाच्या, ताईच्या नावानं नगरपरिषदेला अर्ज करा : शहरात मेलेलं जनावर कोण उचलतं, त्याला रोज किती, हातमोजे-बूट मिळतात काय, गटारात कोण उतरतं.

पाचवा गट : बोरचं जंगल. 2014 पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पर्यटकांसाठी वाघाची माहिती पुष्कळ आहे. तुम्ही कडेच्या गावांत जा. गुराख्याला विचारा. त्याची गाय वाघानं मारली तर पंचनामा कोण करतं, भरपाई कधी मिळते, सरपणाला तो आता कुठं जातो. वाघ वाचला पायजे, हे मी पहिल्यांदा म्हणतो. वाघाच्या खर्चाचा बोजा कोणाच्या खांद्यावर आहे, हे दुसऱ्यांदा विचारतो. बोजा खांद्यावर कसा बसतो ते मला ठाऊक आहे.

2018 मध्ये वर्धा शहरानं आपला पक्षी मतदान घेऊन निवडला. नीलपंख निवडून आला. शेतातले किडे खाणारं, उडताना निळंभोर दिसणारं पाखरू. मला ते आवडलं. जे शहर आपला पक्षी मतदानानं निवडू शकतं, त्या शहराला आपल्या सफाई कामगाराचं नावही माहीत असायला हरकत नाही. नीलपंखाच्या चित्राशेजारी तुमच्या पुस्तिकेत त्या माणसाचं चित्र काढा. पण आधी त्याला विचारून.

सोळा पानं पुरे. झेरॉक्स काढा, टाचणी मारा, पाच रुपये किंमत लावा. व्याकरण चुकलं तर चुकू दे, आकडा चुकू देऊ नका. एक आकडा खोटा निघाला की ते तुमची सगळी पानं खोटी ठरवतील, त्यांना तेवढंच पायजे असतं. म्हणून दोनदा विचारा, तिसऱ्यांदा लिहा.

दिवाळीनंतर मला चार दिवसांची रजा मिळेल. पाळी बदलून घेतो आणि येतो. तेव्हा भाषण मी करणार नाही. तुम्ही पानं आणायची, मी ऐकायचं. पहिलं पान दुसऱ्या गटानं वाचावं. शेवटचं गिधाड कोणत्या झाडावर होतं ते मला कळायला पायजे.

जय भीम.